एक्कावन्नावा हंडा

उमापुरात निवृत्ती कासाराच्या दुकानातून भांडं विकत घेणं सोपं होतं. त्यावर नाव टाकून घेणं अवघड. वडिलांनी घालून दिलेला नेम होता. आहेर देणाऱ्यानं स्वतः यायचं, समोरच्या स्टुलावर बसायचं, चहा प्यायचा आणि आपल्या तोंडानं सांगायचं, मी अमुक, मुलीचा तमुक लागतो. मग मशीनची सुई भांड्याला लागायची. नुसती चिठ्ठी पाठवलेली चालत नसे.

या नेमापायी चहापत्ती लई जायची, पण माणसं बसायची, बोलायची, भांडायची. एका घागरीवर काकाचं नाव वर की आत्याचं, यात सकाळ सरायची. निवृत्तीला त्यात सुख होतं. बायको जाऊन सात वर्षं झाली होती. मूल नव्हतं, बहीण नव्हती. ‘मामा’ हा शब्द त्यानं काही हजार वेळा कोरला होता, पण स्वतः कुणाचा मामा होण्याची सोय देवानं ठेवली नव्हती. गाव त्याला अण्णा म्हणायचं. एक मात्र होतं. ज्या लग्नाच्या भांड्यांवर तो नाव टाकी, त्या लग्नाची पत्रिका अक्षतांसकट दुकानात येई. हंगामात तो महिना-दीड महिना घरी जेवायचाच नाही.

दोन हजार तेराच्या दुष्काळात लग्नंच थांबली. खिळ्याला मागल्या सालच्या पत्रिका लटकत होत्या. निवृत्ती दुपारी त्या काढून वाची आणि पुन्हा लावी.

अशा एका दुपारी बंकट आला. बंकट म्हणजे तालुक्याच्या दूध संघाचे चेअरमन आबासाहेब यांचा उजवा हात. संघात दूध येणं बंद झालं होतं, म्हणून संघाच्या टँकरमधून आता पाणी यायचं. लोक म्हणायचे, चवीत फरक न्हाई.

“अण्णा, साहेब सामुदायिक विवाह लावाय लागलेत. एक्कावन्न जोडपी. दर नवरीला एक हंडा.”

गावोगाव पाणी नसताना हंडे वाटायचे, ही कल्पना कुणाची ते निवृत्तीनं विचारलं नाही. सहकारात दूरदृष्टी असतेच.

“नाव साहेबाचं टाका. मोठ्या अक्षरात.”

“नातं?”

“कसलं नातं?”

“नवरीचे कोण लागतेत?”

“चेअरमन लागतेत की!”

“ते संघाचे. नवरीचे कोण?”

बंकटनं घाम पुसला. “मामा टाका मग.”

“एक्कावन्न पोरींचे? साहेबाला बहिणी किती?”

“एक. ती बी बोलत न्हाई.”

“मग साहेबाला हितं येऊन बसाया सांगा. त्यांच्या तोंडानं सांगू द्या.”

“कावून डोकं खाता, अण्णा? बीडला कम्प्युटरवर नाव टाकतेत. चहा बी पाजीत न्हाईत.”

निवृत्तीनं रिकाम्या स्टुलाकडं पाहिलं. “यादी ठिवा. साहेबाचं नाव हंड्यावर येईल. शब्द हाय माझा.”

यादीत नवरीचं नाव आणि गाव होतं. संघाचाच टँकर गावोगाव जायचा. निवृत्तीनं त्याच्या ड्रायव्हरबरोबर निरोप पाठवला: नवरीच्या मामानं उमापूरला येऊन जावं.

आणि मामा आले. कुणी एसटीनं, कुणी सायकलवर, कुणी चालत. धोंडीराम नावाचा मामा बहिणीशी नऊ वर्षं बोलत नव्हता; तो स्टुलावर बसला, बिनदुधाचा चहा प्याला, “मुलीचा मामा” एवढंच म्हणाला आणि तोंड फिरवून नाक शिंकरत बसला. एकाच नवरीचे तीन मामा आले, तेव्हा थोरला कोण यावर निवृत्तीचा अर्धा दिवस झकास गेला. हंड्याच्या गळ्याखाली मामाचं नाव आलं. आबासाहेबांचं नाव निवृत्तीनं शब्दाप्रमाणे मोठ्या अक्षरात टाकलं, पण तळाला. भरला हंडा डोक्यावर असताना ते दिसणार नव्हतं. टँकरची वाट बघत रिकामा पालथा घातला की लांबूनही दिसलं असतं.

पन्नास झाले. एक्कावन्नाव्याला मामाऐवजी नवरीची आई आली, केशरबाई.

“मला भाऊ न्हाई, अण्णा. एक हुता, रांगताना गेला.”

“चुलत? मावस?”

“कुणी न्हाई. आमचा कोरा ऱ्हाऊ द्या.”

“कोरा हंडा चोरीचा वाटतो, बाई.”

“मग तुमीच बघा काय ते. मला वाचता येतंय व्हय? छबूला येतं, सातवी झाली ती.”

ती गेली. निवृत्तीनं चहा टाकला, कप घेऊन गिऱ्हाइकाच्या स्टुलावर जाऊन बसला आणि समोरच्या रिकाम्या गादीला मोठ्यानं म्हणाला, “मी निवृत्ती दगडू कासार. मुलीचा...” पुढचा शब्द येईना. त्यानं चहा संपवला. मग म्हणाला, आणि उठून मशीन चालू केलं.

लग्नाची पत्रिका आली नाही. टँकरवर फलक होता, तेच सगळ्यांना आमंत्रण. निवृत्ती धुतलेली टोपी घालून गेला आणि मांडवात शेवटच्या रांगेत बसला. स्टेजवर हंडे आले, तेव्हा बंकटला साहेबांचं नाव सापडेना. सापडलं, तेव्हा फोटोवाल्यानं सांगितलं, हंडे पालथे धरा. आबासाहेब एक्कावन्न पालथ्या हंड्यांमध्ये हसत उभे राहिले. दुष्काळाचा इतका खरा फोटो त्या साली दुसरा निघाला नसेल.

मंगलाष्टकांआधी भटजींनी पुकारलं, “मामांनी नवरीमागं उभं ऱ्हावं.” पन्नास मामा उठले. छबूच्या मागं जागा रिकामी दिसताच बंकटनं आबासाहेबांना तिथं सरकवलं. निवृत्ती अर्धा उठला होता. तो खाली बसला.

“हे न्हाईत,” छबू म्हणाली.

“अगं, साहेब हायत!” बंकट कुजबुजला. माईक चालू होता.

“हंड्यावर निवृत्ती लिव्हलंय. त्यांना बोलवा.”

लाऊडस्पीकरवर पुकारा झाला. निवृत्ती मामा, जिथं असतील तिथून स्टेजकडं यावं. पहिल्या दोन वेळा निवृत्तीला वाटलं, दुसरा कुणी असेल. तिसऱ्या वेळी केशरबाईच उठून मागं बघायला लागली.

तो जाऊन उभा राहिला. सगळी नाती त्याला कोरता येत होती. मामानं हात कुठं ठेवायचे ते माहीत नव्हतं. शेजारच्या धोंडीरामानं त्याचे हात धरून छबूच्या खांद्यांवर ठेवले.

दुपारी नवऱ्याकडची मंडळी तिथूनच वीटभट्टीवर निघाली, पुण्याकडं. छबू पाया पडली. “पाऊस लागला की भट्टी बंद हुती, मामा. मंग येते.” ट्रॅक्टर गेला. धूळ बसेपर्यंत निवृत्ती उभा राहिला.

मग त्यानं दुकान उघडलं. गिऱ्हाईक नव्हतंच. विक्रीच्या थप्पीतून एक ताट काढलं, पुसलं, घरी नेऊन आपल्या ताटाशेजारी पालथं घातलं. पंचांगाप्रमाणे पावसाला तीन आठवडे होते. गेल्या सालीही पंचांगात पाऊस होता.