अकरा दिवस

रक्ताची नळी उजेडाकडे धरली तेव्हा रादोयकाला चिठ्ठीवरचं नाव दिसलं. मिलादिन, वय एकसष्ट, चौथा मजला. तिचा नवरा. सकाळी त्याला दवाखान्यात दाखल करताना तिनेच नाव सांगितलं होतं, तरी नळीवर छापलेलं ते नाव तिने दोनदा वाचलं.

चौतीस वर्षं ती दवाखान्याच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत रक्त तपासत आली होती. वरच्या माणसांचे तिला चेहरे नसत, आकडे असत. मिलादिन लाकडी पिंपं बनवायचा. आलुबुखाराच्या हंगामात त्याला श्वास घ्यायला फुरसत नसे. चार दिवसांपूर्वी पिंपाचा लोखंडी पट्टा निसटून त्याच्या नडगीला लागला. त्याने जखमेवर घोटभर रकिया, आलुबुखाराची घरगुती दारू, ओतली, उरलेली स्वतः प्यायला आणि पुन्हा कामाला बसला. आज पहाटे त्याला हुडहुडी भरली आणि पाय गुडघ्यापर्यंत जांभळा पडला होता.

यंत्राने आकडा दिला. लॅक्टेट, म्हणजे रक्तात साचणारं आम्ल, चार पूर्णांक आठ. ते दोनच्या आत असावं लागतं.

शेजारच्या टेबलावरून ल्युबिंकाने वाकून पाहिलं. "जीवाला घोर नको लावूस. लिफ्ट बंद पडली होती ना, नळी पाऊण तास तिच्यात अडकलेली. पेशी बसल्या असतील साखर खात."

ते खोटं नव्हतं. रक्त शरीराबाहेर आलं तरी पेशींना ते कळत नाही. त्या नळीतली साखर खात राहतात आणि मागे आम्ल साचतं. पण शरीरात जंतू शिरले की पांढऱ्या पेशी हेच कितीतरी जोरात करतात. घाईला आलेली बाई चुलीत हाताला येईल ते सरपण कोंबते, तशा त्या साखर अर्धीकच्ची जाळतात. ताकद लगेच मिळते, राख मागे राहते. आणि रक्त अवयवांपर्यंत पोचेनासं झालं की सगळं शरीरच तसं करू लागतं. म्हणजे हा आकडा नळीचा असेल, नाहीतर मिलादिनचा. रादोयकाला तो नळीचा हवा होता. इतका हवा होता, की त्या हवेपणाचीच तिला धास्ती वाटली.

तिने वर फोन केला. डॉक्टर ओग्न्येन वयाने तिच्या मुलासारखा, तिला मावशी म्हणायचा. रक्तदाब ठीक आहे, काका नर्सेसची थट्टा करताहेत, औषध सुरू केलंय, संध्याकाळी पुन्हा तपासू, असं त्याने समजावलं.

"दुसऱ्या कुणाचा नवरा असता, तर मी दुसरी नळी आत्ता मागितली असती," ती म्हणाली.

पलीकडे त्याने नर्सला दुसरी नळी काढायला सांगितलं. मग म्हणाला, "या वर."

स्टीलच्या वाडग्यात बर्फ घेऊन ती पाच जिने चढली. थंडाव्यात पेशी सुस्तावतात, साखरेला हात लावत नाहीत. मिलादिन उशीला टेकून बसला होता.

"आली का रक्त प्यायला?" तो म्हणाला. "लग्नाच्या तेहतीस वर्षांत पोट भरलं नाही तुझं."

"तुझ्यात रक्त कुठलं, सगळी रकिया."

नर्स हसली, तिने नळी भरली. रादोयकाने त्याचा हात धरला तर बोटं गार लागली. पांघरूण सरकलं होतं, आणि चांगल्या पायाच्या गुडघ्यावरही निळसर जाळी उमटली होती; रक्त तिथवर पोचत नव्हतं. तिने पांघरूण नीट केलं. तो हळूच म्हणाला, "रादे, मला भ्या वाटतंय." एवढ्या संसारात हे वाक्य त्याने कधी उच्चारलं नव्हतं. तिने दहा मिनिटांत येते म्हणून सांगितलं आणि जिन्यावर आल्यावर वाडगा छातीशी धरून ती अक्षरशः पळाली.

सहा पूर्णांक एक. आता लिफ्टला दोष देता येत नव्हता.

तिने फोनवर आकडा सांगितला तेव्हा स्वतःचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला. तासाभरात सर्जन आले, पाय उघडला, आतलं कुजलेलं काढलं. तिने हट्ट धरला नसता तर त्याला संध्याकाळ दिसलीच नसती, असं ओग्न्येन नंतर म्हणाला.

तीन दिवस मिलादिन तापाने धगधगत होता. सूक्ष्मदर्शकाखाली ती त्याच्या पेशी पाहायची. फुगलेल्या, काळ्या दाण्यांनी भरलेल्या, जागोजाग पोकळ्या पडलेल्या. लढून फाटलेल्या अंगरख्यासारख्या. पाचव्या दिवशी ताप उतरला, आकडे खाली आले. ल्युबिंकाने घरून चीज भरलेली पापुद्र्यांची पोळी आणली, सगळ्यांनी उभ्याउभ्या खाल्ली. रादोयकाने मात्र आपला तुकडा बाजूला ठेवला आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकात पाहिलं. काचेवरच्या पेशी तिला फार शांत वाटत होत्या.

आठव्या दिवशी ओग्न्येन स्वतः तळघरात आला आणि स्टूल ओढून बसला. फुप्फुसात नवीन जंतू शिरला होता. एरवी धडधाकट माणसाला तो एका शिंकेत परतवता येतो.

"पेशी आहेत, मावशी. पण जाळायची ताकद राहिली नाही त्यांच्यात. समोर शत्रू उभा आहे, तरी उठत नाहीत."

"साखर चढवा मग सलाईनमधून," ती म्हणाली. उत्तर तिला ठाऊक होतं.

"साखर भरपूर आहे. भट्टीच विझलीय."

त्यानंतरचे तीन दिवस ती प्रयोगशाळेत गेली नाही. मिलादिनच्या खाटेशी बसून राहिली. यंत्राचा आवाज बदलला की ती उठून पडद्यावरचे आकडे पाहायची. अकराव्या दिवशी भर दुपारी तो गेला.

फाटकावर आणि खांबांवर लावायच्या शोकपत्रकाचा मजकूर छापखान्यातल्या माणसाने तयारच ठेवला होता. काळी चौकट, वर क्रॉस, फोटोला जागा. त्याने वाचून दाखवलं, "अल्पशा आजारानंतर..."

"ते काढा," रादोयका म्हणाली.

सगळे तसंच लिहितात, तशी पद्धतच आहे, असं त्याने अदबीने सांगितलं.

"अल्पसा नव्हता. अकरा दिवस लढला तो. अकरा दिवस लिहा."

त्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि ओळ बदलली. ती कागदांची गुंडाळी घेऊन बाहेर आली. चौकातल्या खांबावर तिने पहिला कागद लावला, दोन पावलं मागे सरून पाहिलं. एक बाजू किंचित खाली गेली होती. तिने नखाने चिकटपट्टी उकलली आणि कागद सरळ केला.