दोन बारांचा सत्कार

पूवय्याला मी तो अर्ध्या चड्डीत होता तेव्हापासून ओळखते. त्याची आणि अकलेची कधी गाठ पडल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. कॉफीचा मळा लावला बापाने, राखला कारभाऱ्याने, आणि हे साहेब बंगळुरात राहून वर्षातून दोनदा उगवणार आणि डोंगरात राहणाऱ्या आम्हा कोडव्यांना कोडव्यांच्या चालीरीती शिकवणार. अंगात काळा कुप्य, म्हणजे गुडघ्यापर्यंतचा झगा, कमरेला लाल पट्टा, पट्ट्यात चांदीच्या मुठीची कट्यार. हा पोशाख आम्ही लग्नाकार्याला घालतो. हा पोस्टात जातानाही घालतो.

कारगिलची लढाई थांबून वर्ष झालं आणि पूवय्याच्या अंगात आलं. गावात सत्कार समिती निघाली. समिती म्हणजे तो, त्याचा मेहुणा आणि त्या दोघांना उधारीवर पेट्रोल देणारा पंपवाला. सत्कार कुणाचा, तर माझ्या जावेच्या मुलाचा, मंदण्णाचा. देचव्वाचा तो एकुलता एक. वर बर्फात सुरुंगावर पाय पडला आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. पुण्याच्या लष्करी इस्पितळात त्याला नवा पाय बसवला आणि फौजेने घरी जायला मोकळं केलं.

येण्याआधी त्याने माझ्याकडे फोन केला होता, आईला निरोप सांगा म्हणून. काकू, म्हणाला, दोन दिवस येतो, आईला बघतो आणि परत जातो. बंगळुरात एका कारखान्याच्या फाटकावर नोकरी मिळतेय. एका पायाचा माणूस डोंगरात काय करणार, आणि तिथे मला विचारतंय कोण? मी त्याला चार शिव्या हासडल्या. पण फोन ठेवल्यावर वाटलं, पोरगं खोटं कुठे बोललं? एवढे महिने तो खाटेवर पडून होता, आणि देचव्वाच्या दारात येऊन कसा आहे म्हणून विचारणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजावीत. खालचा कालप्पा तर बांधाला बांध लागून राहतो. ओढ्याच्या पाण्यावरून त्याचं आणि माझ्या दिराचं वाजलं होतं. दीर मेला, ओढ्याने वाट बदलली, तरी कालप्पा मान वळवूनच जातो. याला म्हणायचं शेजारी.

देचव्वाला मी निरोप जसाच्या तसा सांगितला. ती ऐकून घेऊन डुकराला चारा घालायला गेली. संध्याकाळी म्हणाली, "अक्का, दोन दिवसांत मी त्याला कशी थांबवू?" मला काय कळणार, कप्पाळ. नवरा गेल्यापासून ती बाई या पोरासाठी उभी होती. तो फाटकावर बसायला गेला असता तर ती त्या डोंगरात एकटीच म्हातारी होऊन मेली असती, आणि हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

तो आला तो दिवस कैलपोदानंतरचा. कैलपोद म्हणजे आमचा हत्यारं पुजायचा सण. लावणी उरकलेली असते, बंदुका देवघरातून बाहेर निघतात, नळीत कळलावीचं फूल खोचून त्यांची पूजा होते. मंदण्णा पहाटेच्या गाडीने उतरणार आणि न्याहारीला घरी असणार, असं ठरलं होतं. देचव्वाने घरचं डुक्कर कापवलं होतं, काळं आंबट घालून रस्सा चढवला होता, तांदळाचे कडंबुट्टू वळून ठेवले होते. न्याहारी झाली, जेवणाची वेळ झाली, आणि पोराचा पत्ता नाही.

पत्ता असणार कुठून? त्याला स्टँडवरच पकडलं होतं. हे सगळं मला मागाहून मंदण्णानेच सांगितलं. आई वाट बघत असेल, मला जाऊ द्या, असं तो हात जोडून म्हणाला. पूवय्या म्हणाला, आई कुठे पळून जातेय? मग त्याला हायस्कूलच्या मैदानावर मांडवात नेऊन बसवला. प्रमुख पाहुणे वरातीमागून घोड्यासारखे आले, दुपारी. तोवर शाळेतल्या पोरी झेंडे धरून उन्हात उभ्या, त्यातल्या दोघी चक्कर येऊन पडल्या. पाहुण्यांनी भाषण केलं, त्यात शूर हा शब्द येई आणि मंदण्णाचं नाव दर वेळी चुकून दुसरंच निघे. शाल झाली, हार झाला. फोटोवाला पुढे येऊन म्हणाला, जवान, जरा विजार वर घ्या, पाय दिसू द्या. मंदण्णा म्हणाला, नाही घेत. तर पूवय्याच्या मेहुण्याने खाली वाकून स्वतःच ती वर सरकवली. हे सांगताना पोराचा आवाज अजून बदलतो.

एवढ्यावर भागलं नाही. पूवय्याने कुठेसं वाचलं होतं की पूर्वी कोडव्याने वाघ मारला की त्याला नवऱ्यामुलासारखं सजवून मान देत. झालं. त्याने मंदण्णाच्या अंगात पांढरा कुप्य चढवला. अरे, पांढरा कुप्य आमच्याकडे माणसाच्या अंगावर दोनदाच चढतो, लग्नात आणि मेल्यावर. लग्नात तर शेजारी नवरी असते, वाजंत्री असते. इथे काय होतं? पांढरी गाडी भाड्याने आणलेली, तिला टपापासून चाकापर्यंत झेंडूच्या माळा, आत पांढऱ्या कपड्यात न हलता बसलेला माणूस, आणि मागच्या जीपमध्ये समितीचे काळ्या कुप्यातले तिघे, पाहुण्यांबरोबर जेवायला उशीर झाला म्हणून तोंडं पाडून बसलेले. खाचरांतून तण काढणाऱ्या लोकांनी ही गाडी रस्त्याने हळूहळू जाताना पाहिली आणि हातातलं काम थांबवलं.

आमच्या वाटेच्या वळणापाशी गाडी थांबली, कारण पुढे चढ आणि चिखल. तिथे पूवय्याला तोफांची सलामी द्यायची होती. म्हणजे गावातल्या सगळ्या बंदुका एका ओळीत. पण बंदूकवाले सकाळपासून ताटकळून आपापल्या शेताला निघून गेले होते. उरला तो एकटा आणि त्याची दुनळी बंदूक. हौसेला मोल नसतं. त्याने नळी आभाळाकडे केली आणि दोन्ही घोडे ओढले, एकामागोमाग एक.

आमच्या डोंगरात दोन बार लागोपाठ उडाले की माणूस गेला. हे सांगावं लागत नाही, रांगतं मूलही जाणतं. उंटावरच्या या शहाण्याला तेवढं ठाऊक नव्हतं. जीप वळवून तो पाहुण्यांच्या पंगतीला गेला, मागोमाग फुलांची गाडीही गेली, आणि मंदण्णा काठी टेकत चढ चढायला लागला.

वर पडवीत मी आणि देचव्वा बसलो होतो. बार आमच्याच वळणावरून आले. मी म्हटलं, "दुसरं कुणी असेल गं." तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती उठली, आत गेली, रश्श्याचं भांडं चुलीवरून उतरवलं आणि कळशीभर पाणी चुलीत ओतलं. मयताच्या घरात चूल पेटती ठेवत नाहीत. राखेचा लोट उठला, तो तिच्या तोंडावर बसला, तिने पुसलाही नाही. देवाचा दिवा लावतात त्या भिंतीला पाठ लावून ती खाली बसली. मला तिच्याजवळ जायचं धैर्य झालं नाही, खोटं कशाला बोलू.

आणि मग लोक यायला लागले. लग्नाला बोलावणं लागतं, मयताला लागत नाही. बार ऐकला की जो जिथे असेल तिथून उठतो. मागच्या कॉफीतून, खालच्या खाचरांतून, बांधावरून, आडवाटांनी माणसं धावत आली. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्याला पाला, कुणाच्या हातात अजून तणाची मूठ. बायका अंगण झाडायला लागल्या. कुणी पाणी भरायला घेतलं. मांडवात खुर्च्या भरायला शाळेतली पोरं आणावी लागली होती, आणि इथे बघता बघता अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. मला राग आला. जिवंत होता तेव्हा कुठे मेला होतात, असं ओठावर आलं होतं माझ्या.

सगळ्यांच्या आधी कोण आला असेल, तर कालप्पा. खांद्यावर ताजे कापलेले दोन बांबू, तिरडीसाठी. इतक्या वर्षांनी या अंगणात त्याचा पाय पडत होता. बांबू खाली टाकले आणि तिथेच उकिडवा बसला. मी त्याला सोडणार नव्हते. म्हटलं, "पोरगं पुण्याला पडलं होतं तेव्हा नाही आठवण झाली, आज बरी झाली." तो मान खाली घालून बोलायला लागला. इतका वेळ बोललेला त्याला मी कधी ऐकलं नव्हतं.

"लढाई होती तोवर रोज संध्याकाळी रेडिओ लावून बसायचो," तो म्हणाला. "आज त्याच्या पलटणीचं नाव आलं का, एवढंच बघायला. नाव नाही आलं की जेवायचो. बायको म्हणायची, जा, देचव्वाला विचारून ये. कुठल्या तोंडाने येऊ? पाण्यासाठी भांडलेला माणूस मी. त्याचा पाय गेला ते कळलं त्या दिवशी बांधावर बसून रडलो, गुरासारखा. पोराने आमच्यासाठी पाय दिला, आणि मला चार पावलं चालून वर येववलं नाही." एकीने डोळ्यांना पदर लावला. कुणीतरी म्हणालं, आमच्या घरी पण रोज दिवा लावायचे त्याच्या नावाने. दुसरं कुणी तसंच काहीसं पुटपुटलं. आणि यातलं एक अक्षर एवढ्या महिन्यांत एकाच्या तोंडून निघालं नव्हतं.

तेवढ्यात गर्दीच्या मागून आवाज आला, "कोण गेलं?"

मंदण्णा अंगणाच्या तोंडाशी उभा होता. पांढरा कुप्य, गळ्यात चंदनाचा हार, घामाने चिंब. बायका किंचाळून मागे सरल्या. एक म्हातारा तर तुळशीपलीकडे जाऊन लपला, त्याचं नाव मी घेत नाही. कालप्पा उठला, त्याला खालून वर बघितला आणि म्हणाला, "तू."

"मी?"

"तूच. दोन बार झाले ना तुझ्या वळणावर." मग त्याच्या लक्षात आलं आणि तो भडकला. "किती वेळ उभा होतास इथे? सगळं ऐकलंस? मेला नव्हतास तर खाकरायचं तरी. माणसाला लाज वाटेल असं बोलून बसलो मी."

मांडवात हार घालताना, भाषण होताना मंदण्णाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. इथे त्याने काठी सोडली, कालप्पाच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि हुंदके देऊन रडला. कालप्पा लाकडासारखा ताठ उभा राहिला. मग त्याने आपला चिखलाचा हात पोराच्या पाठीवर ठेवला आणि त्या पांढऱ्या कुप्याची वाट लागली. बरं झालं.

आत देचव्वाला मी काय सांगणार? मी नुसती हाक मारली. ती दारात आली, तोंडावर तीच राख. पोराला बघून ती धावली नाही. हळूहळू पायऱ्या उतरली, त्याच्यासमोर आली, त्याचा गाल चाचपला आणि त्याच हाताने एक सणसणीत ठेवून दिली. नंतर त्याला कवटाळलं.

गर्दीत कुजबुज सुरू झाली. समोरच्या डोंगरावरूनही बार ऐकून लोक निघाले असतील, त्यांना कोण आवरणार? कुणीतरी पळत जाऊन सांगा, असं चाललं होतं. देचव्वा आत गेली आणि खुंटीवरची आमच्या घरची बंदूक घेऊन आली. नळीतलं सुकलेलं फूल काढून टाकलं. काडतूस भरलं. अंगणाच्या मधोमध उभी राहून तिने आभाळात बार काढला. एकच. आणि नळी खाली केली.

सगळे तिच्याकडे बघत राहिले. आमच्याकडे माणूस गेला तर दोन बार, आणि घरात मुलगा जन्मला तर एक. साठीच्या बाईने स्वतःच्या अंगणात मुलगा झाल्याचा बार काढला होता. आधी कोण हसलं ते कळलं नाही, पण मग सगळंच अंगण हसायला लागलं, रडकी तोंडं तशीच ठेवून.

देचव्वा हसली नाही. मंदण्णाला म्हणाली, "या वयात मला बाळंत केलंस. आता बारसं होईपर्यंत या घरातून हलायचं नाही."

"बारसं कधी आहे?"

"ते मी ठरवीन."

मंदण्णाने तिच्याकडे पाहिलं, मग अंगणातल्या सगळ्यांकडे पाहिलं. पायरीवर बसला. एवढ्या लोकांसमोर विजार स्वतःच्या हाताने वर घेतली, पट्टे सोडले, तो नवा पाय काढून भिंतीशी उभा करून ठेवला आणि दुखरा गुडघा दोन्ही हातांनी चोळत म्हणाला, "आई, भूक लागलीय." चूल तर विझलेली. कालप्पाची बायको निखारे आणायला आपल्या घराकडे पळाली.