बघायला घेतलेली गाडी

पांढरी. २००१. एकच मालक. एसी थंडगार. समक्ष भेटा.

समक्ष भेटायला गाडीच आली, बिबवेवाडीत, बिल्डिंगखाली. एजंट बद्रीनाथनं हॉर्न दिला. दुसऱ्या मजल्यावर चेतननं आईला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं. खालच्या बाजूला तो, वरच्या बाजूला त्याचे वडील बाबुराव, मध्ये खुर्चीत सुंदराबाई. असा जिना उतरला.

सुंदराबाईंना झटका येऊन वर्ष होत आलं होतं. बोलणं परत आलं, हातही बराचसा आला. डावा पाय मात्र काठीसारखा ताठ राहिला. रिक्षात बसवलं तर तो बाहेर राहायचा. म्हणून सेडान, म्हणजे मागच्या सीटवर आडवं बसून पाय लांब करता येईल. शिवाय चेतनला हिंजवडीला, आयटी कंपनीत जायला. नवी परवडत नव्हती. जुनी, पण दगा न देणारी, पाहिजे होती.

"लिंबू-मिरची काढ आधी," सुंदराबाई गाडीत बसण्याआधी म्हणाल्या.

"मावशी, नजर लागते."

"लागू दे. ब्रेक लागतो का ते सांग."

स्वारगेट, सारसबाग, पर्वतीचा पायथा, परत. ताठ पाय बाबुरावांच्या मांडीवर. दवाखाना सोडला तर वर्षभरात पहिल्यांदाच त्या घराबाहेर पडल्या होत्या. वाटभर काचेला नाक लावून बसल्या होत्या.

"कशी वाटली?" चेतननं विचारलं.

"एसीला कोंदट वास आहे."

"साफ करून देतो मावशी."

"तू काढलास तरी मला आठवेल."

नापास.

चेतन आंघोळीला गेल्यावर

"वास तर नव्हता," बाबुराव म्हणाले.

"नव्हता."

"मग?"

"अहो, आज घेतली की उद्या ती हिंजवडीला जाईल. सकाळी जाईल ती रात्रीच येईल. रविवारी तो झोपेल. झोपायलाच पाहिजे त्यानं. मग मला खाली कोण नेणार?"

"नेईल की."

"टीव्ही आणला तेव्हा काय म्हणाला होता? आई, आपण सगळे मिळून बघू."

टीव्ही समोर चालूच होता, आवाज बंद करून. बाबुरावांनी तो बंद केला.

"किती नापास करणार अशा?"

"रविवार येतील तितक्या."

मरून. २००४. डॉक्टरांनी वापरलेली. इन्शुरन्स चालू.

"गर्दीत तापते का बघायला पाहिजे," सुंदराबाई म्हणाल्या. "मार्केट यार्डातून घे."

"आई, रविवारी? आत नुसते ट्रक असतात."

"म्हणूनच."

उभं आयुष्य त्यांनी तिथं कांदा निवडला होता. मान दाबून बघायची, मऊ लागला की बाजूला. गाडी पोत्यांमधून, हमालांच्या शिव्या खात पुढं सरकली. सुंदराबाईंनी काच खाली केली. सडका कांदा, ताग, डिझेल, सगळं आत आलं. ह्या वासाबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

"सुंदरे!" एका गाळ्यावरून सरुबाई ओरडली. दोघींनी एकाच ढिगापाशी वर्षं काढली होती. "जित्ती हायेस व्हय गं?"

"अर्धी!"

"आन् गाडी घेतलीस जणू!"

"बघायला घेतलीय!"

सरुबाई धावत आली, खिडकीतून हात घालून तिनं सुंदराबाईंचा गाल कुस्करला, दोन कांदे मांडीवर टाकले. "येत जा गं."

"गाडी पसंत पडेपर्यंत येतेच."

चेतनचं लक्ष तापमानाच्या काट्यावर होतं. काटा जागचा हलला नाही.

"दार लावलं की भांडं पडल्यासारखं वाजतं," घरी आल्यावर निकाल लागला.

बद्रीनाथनं कपाळाला हात लावला. "मावशी, गाडी घेताय का सून बघताय?"

"सून असती तर चहाबरोबर होकार दिला असता. सून सांभाळून घेते."

निळी. सोनेरी. हिरवी.

चढावर बघू, म्हणून कात्रजचा घाट. खड्ड्यांत बघू, म्हणून बुद्धविहाराचा रस्ता, तोही वंदना सुटायच्या वेळेला, म्हणजे ओळखीच्या बायका गाडीभोवती जमतात. उन्हात उभी करून बघू, म्हणून सारसबागेसमोर, भेळ संपेपर्यंत. निळीचा आरसा लहान. सोनेरी नको, आपण काय सराफ आहोत? हिरवी मागं घेताना गाणं वाजवते, मागं जाण्यात कसलं आलंय गाणं?

चेतनची कंबर धरली. बाबुराव जिन्यात मधेच थांबायला लागले. सुंदराबाई शनिवारी संध्याकाळीच साडी काढून ठेवायला लागल्या.

राखाडी. २००६. आयटी इंजिनिअर. तातडीने विकणे.

ही गाडी घेऊन मालक स्वतः आला. श्यामसुंदर, चेतनच्याच वयाचा. टायर नवे, सीट स्वच्छ, सर्व्हिसिंगच्या पावत्या जपून ठेवलेल्या.

"का विकताय?"

"मंदी आहे ना. कंपनीनं सोडलं. नागपूरला परत चाललोय."

चेतननं आवाज खाली आणला. "कोणाला काढायचं, ते कसं ठरवतात तुमच्याकडे?"

"सांगत नाहीत. आमच्या टीममध्ये रविवारी न येणारे आधी गेले."

चेतननं पावत्या पुन्हा पहिल्यापासून चाळल्या.

चढ झाला, खड्डे झाले, मार्केट यार्ड झालं. सुंदराबाईंनी दार लावून ऐकलं, काच वरखाली केली, सीट दाबली, सीटच्या कडा दाबल्या. बोटांना मऊ जागा कुठंच लागेना.

"रंग राखेसारखा आहे," त्या शेवटी म्हणाल्या.

"आई."

"काय?"

"तुला गाडी घ्यायचीच नाहीये."

"रंग..."

"दर रविवारी तुला खाली आणतो, वर नेतो. पाठ मोडते माझी, बाबांना धाप लागते. कुणासाठी चाललंय हे सगळं?"

श्यामसुंदर दुसरीकडे बघायला लागला. बाबुराव काहीतरी बोलणार होते. सुंदराबाईंनी ताठ पायानंच त्यांना ढोसलं.

"घे," त्या म्हणाल्या. "चांगली आहे. घे."

जिना चढताना

कुणी बोललं नाही. बोलले असते तर असं बोलले असते.

– का नको म्हणत होतीस सगळ्यांना?

– तू मला खाली न्यावंस म्हणून.

– मग तसं सांगायचं.

– सांगितलं असतं तर नेलं असतंस, उपकारासारखं. गाडी बघायला मी लागत होते.

पहिल्या मजल्यावर खुर्ची टेकवून चेतननं घाम पुसला. तो खरोखर म्हणाला ते एवढंच: "सुटलो. आता नुसतं फिरायचं, आई."

राखाडी. विकली गेली.

गाडी उत्तम निघाली. एकदाही बंद पडली नाही. बंद पडावी असं घरात एका माणसाला अधूनमधून वाटायचं.

पहिल्या रविवारी सगळे खडकवासल्याला जाऊन कणीस खाऊन आले. दुसऱ्या रविवारी चेतनला ऑफिसात बोलावलं. मग त्याच्या शेजारचं टेबल रिकामं झालं, मग पलीकडचं. त्यानंतर बोलावलं नाही तरी तो जायला लागला.

"पुढच्या रविवारी, आई. नक्की."

तो खोटं बोलत नव्हता. दर वेळी त्याला तसं खरंच वाटायचं.

सकाळी खाली दार लागायचं. सुंदराबाई पलंगावरून ऐकायच्या. "दाराचा आवाज मात्र चांगला आहे हो," त्या बाबुरावांना म्हणायच्या. "भांड्यासारखा नाही."

फोन

"काका! गाडी कशी पळतेय?"

"मजेत. बद्रीनाथ, दुसरी एक बघायची होती."

"दुसरी? कुणासाठी?"

"बघायचीय रे."

पलीकडं वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

"रविवारी आणतो काका. चालवणार कोण?"

"तूच. आणि वर ये. खुर्चीला एक हात पाहिजे."

लाल. बाकी माहिती नाही.

चेतन सकाळीच हिंजवडीला गेला होता. सुंदराबाईंनी निळी साडी नेसली, पावडर लावली. बद्रीनाथ वर आला. लिंबू-मिरची त्यानं न सांगताच काढून खिशात ठेवली होती, एक मिरची बाहेर डोकावत होती.

खाली बद्रीनाथ, वर बाबुराव. पहिल्या पाच-सहा पायऱ्या नीट गेल्या. वळणावर बाबुरावांचे हात थरथरायला लागले. खुर्ची कलली, ताठ पाय कठड्यावर आपटला. बद्रीनाथनं गुडघा लावून खुर्ची कशीबशी खाली टेकवली.

बाबुराव पायरीवर बसले. तोंड उघडं, छाती भात्यासारखी. "एक मिनिट. एकच मिनिट हं, सुंदरा."

मिनिट झालं. आणखी झालं. त्यांनी उठून खुर्चीला हात घातला. बोटं मिटेनात.

"काका, राहू द्या," बद्रीनाथ म्हणाला. "शेजारच्यांना बोलावतो, मावशींना वर घेऊ."

जिन्याच्या भिंतीला सिमेंटची जाळी होती. तिच्यातून खाली उभ्या गाडीचा टप दिसत होता, लाल, नुकताच पुसलेला. सुंदराबाई वाकल्या. जाळीला कपाळ टेकवून बराच वेळ बघत राहिल्या. रस्त्यावरून पीएमटीची बस गेली, तीही त्यांनी दिसेनाशी होईपर्यंत बघितली.

"टपावर पोचा आहे," त्या म्हणाल्या.

"कुठं मावशी?"

"डावीकडे. इथून दिसतोय."

बाबुराव भिंतीला धरून उठले. जाळीपाशी आले. खाली बघितलं. टप गुळगुळीत होता.

"आहे," ते म्हणाले. "मोठा आहे."

"मग नको," सुंदराबाई म्हणाल्या. "पुढच्या रविवारी दुसरी आण."

"आणतो मावशी."

शेजारी आला. खुर्ची वर जायला लागली, उलटी, म्हणून सुंदराबाईंचं तोंड जाळीकडंच राहिलं. आधी टप गेला, मग रस्ता. मग जाळीत नुसता उजेड राहिला.