विश्राम घाग कुठल्या लक्षणात बसतो

अठ्ठ्याऐंशी सालच्या त्या रविवारी सकाळी शीला आठल्ये हार आणायला घराबाहेर पडली, तेव्हा डोंबिवलीचे रस्ते संचारबंदी लागल्यासारखे ओस पडले होते. टीव्हीवर पौराणिक मालिकेची वेळ होती. तिच्या घरातही शेजारपाजारची माणसं मांड्या घालून बसली होती आणि नवरा गच्चीवर जाऊन अँटेना फिरवत होता. शीला शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवायची. संध्याकाळी वाचनालयाच्या सभागृहात ‘महाकाव्याचा नायक’ या विषयावर पुण्याच्या हरिहरशास्त्रींचं व्याख्यान होतं. आभार मानायचं काम तिच्याकडे होतं आणि हारांचंही.

फुलवाल्याचं दुकान बंद होतं. ती परत फिरणार, तोच औद्योगिक वसाहतीच्या बाजूनं एक बाई हातगाडी ओढत येताना दिसली. गाडीवर ओल्या गोणपाटाखाली एक माणूस आडवा पडला होता. बाई जवळ आली तशी शीलानं ओळखलं. तिच्या वर्गातल्या रतनची आई, मंजुळा घाग. गाडीवरचा तिचा नवरा विश्राम, एका केमिकल कंपनीत ऑपरेटर.

मंजुळानं धापा टाकत सांगितलं ते असं. ती नवऱ्याचा डबा घेऊन कंपनीवर गेली, तर तो गेटबाहेर रस्त्यावर पडलेला. आत ॲसिडचा पाइप फुटला होता. विश्राम सुखरूप बाहेर आलेला, पण कंत्राटावरची दोन हेल्पर पोरं आत अडकली म्हणून परत गेला. त्यांना बाहेर ढकललं आणि व्हॉल्व्ह बंद करायला पुन्हा आत शिरला. वॉचमननं त्याला ओढून बाहेर आणलं, अंगावर पाणी ओतलं आणि शेठच्या घरी फोन लावला. मालिका चालू आहे, शेठ नंतर बोलतील, असं उत्तर आलं. तिला एवढं सांगून वॉचमननं आतून गेट लावून घेतलं. समोरच्या भंगारवाल्याची गाडी घेऊन मंजुळा निघाली होती.

रिक्षा स्टँडवर रिक्षा ओळीनं उभ्या होत्या आणि एकीतही ड्रायव्हर नव्हता. सगळे समोरच्या टीव्हीच्या दुकानाच्या काचेला चिकटले होते. त्यांत जगन होता, शीलाला पावसाळ्यात शाळेपर्यंत सोडणारा. तिनं त्याचा दंड धरून हलवलं, गाडीकडे बोट दाखवलं. त्यानं पाहिलं, आणि नजर पुन्हा काचेकडे गेली.

“पाच मिनिटं थांबा ना बाई. आता बाण सोडतोय तो.”

शीलाला वाटलं, रस्त्यावरचा दगड उचलावा आणि त्या काचेवर घालावा. पण मंजुळा तोवर पुढे निघाली होती. शीलानं पदर खोचला आणि गाडीला मागून हात लावला. चढावर तिची एक चप्पल तुटली, ती तिथंच राहिली. सबंध वाटेत विश्राम एकदाच बोलला. पोरं बाहेर आली काय, एवढंच विचारलं त्यानं. मंजुळानं मागं न बघता ‘आली’ म्हणून सांगितलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरनं धावपळ केली, आणि दुपारी विश्रामला ठाण्याच्या मोठ्या इस्पितळात हलवलं. जीव वाचला. डावा डोळा गेला, हात कोपरापर्यंत भाजला.

शीला घरी आली. संध्याकाळी जायचंच नाही असं तिनं ठरवलं होतं, पण नवरा म्हणाला की शब्द दिलाय, आयत्या वेळी लोकांना तोंडघशी पाडू नकोस. ती गेली. अध्यक्षांची ओळख करून देत होते. सभागृहाला पंखे देणारे दानशूर उद्योगपती. कंपनीचं नाव ऐकलं आणि शीलाच्या अंगाचा तिळपापड झाला. सकाळी फोनवर न आलेला शेठ तो हाच.

शास्त्रीबुवा मात्र सुरेख बोलले. महाकाव्याचा नायक कसा असावा? थोर कुळातला, गंभीर, क्षमाशील, स्वतःची बढाई न मारणारा, हाती घेतलेलं काम तडीस नेणारा. सभागृह माना डोलवत होतं. शीला एकेक लक्षण हातगाडीवरच्या त्या माणसाला लावून बघत होती. कुळाचं सोडलं तर एकही हुकत नव्हतं.

ती आभाराला उठली आणि आभार मानलेच नाहीत. सकाळी काय पाहिलं ते तिनं सगळं सांगितलं, नावासकट, कंपनीसकट. मग शास्त्रीबुवांकडे वळून विचारलं, “दुसऱ्याची पोरं वाचवायला आगीसारख्या ॲसिडात परत जाणारा हा माणूस तुमच्या कुठल्या लक्षणात बसत नाही, तेवढं सांगा.”

शास्त्रीबुवा हसले. काव्यातला नायक आणि अपघातात सापडलेला कामगार यांची गल्लत करू नये, असं त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं. पुढच्या रांगेतल्या दोघा-तिघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग शेठ उठले. आवाज जराही चढला नाही त्यांचा.

“आमची कंपनी रविवारी बंद असते. बंद कंपनीत हा मनुष्य काय करत होता, हे खरं म्हणजे पोलिसांनी विचारायला हवं.”

शीला उत्तर द्यायला गेली, तर माइक बंद केलेला होता. बटाटेवड्यांचा वास आला आणि लोक उठले.

दुसऱ्या दिवशी ती ठाण्याला इस्पितळात गेली ती थोडी ताठ मानेनंच. भरसभेत आपण बोललो, हे मंजुळाला कळावं असं तिला वाटत होतं. मंजुळाला ते आधीच कळलं होतं. ती शीलाला जिन्यापाशी घेऊन गेली. वॉचमनला रातोरात गावी पाठवलं होतं, हेल्पर पोरांचा पत्ता नव्हता. पोलीस येऊन विश्रामला विचारून गेले होते की आत चोरी करायला शिरलास का.

“तुम्ही भाषण केलंत, बाई, आणि तो शेठ सावध झाला,” मंजुळा म्हणाली. “आमच्या माणसाला देव करू नका नि नायक करू नका. तो तिथं कामावर होता, एवढंच सांगा. पण जिथं सांगायला पाहिजे तिथं सांगा.”

शीला ओशाळली. आदल्या रात्री अंथरुणात पडून तिनं स्वतःचंच भाषण मनात पुन्हापुन्हा ऐकलं होतं.

तिथून ती थेट रिक्षा स्टँडवर आली. जगननं आधी कानांवर हात ठेवले. आपण काही पाहिलं नाही, आपलं लक्ष टीव्हीत होतं, आणि कंपनीवाल्यांशी वैर कोण घेणार, असं तो म्हणत राहिला. शीला त्याच्या रिक्षात जाऊन बसली आणि उतरेना. गिऱ्हाईकं आली, दुसरी रिक्षा करून गेली. ती ओरडली नाही. विश्रामच्या अंगावर कुठला शर्ट होता, एवढंच तिनं पुन्हापुन्हा विचारलं. शेवटी जगन खालच्या आवाजात म्हणाला, “कंपनीचा. निळा. गोणपाट सरकलं होतं, खिशावर कंपनीचं नाव दिसलं. ते नाव मला अजून दिसतं, बाई.”

कारखाना निरीक्षकाच्या ठाण्याच्या कचेरीत दोघांच्या जबान्या झाल्या. शेठच्या वकिलानं शीलाला विचारलं, तुम्ही आत होतात का? ती म्हणाली, नव्हते. मी गाडी ढकलत होते. जगननं शर्टाचं सांगितलं आणि स्वतः होऊन, कुणी न विचारता, हेही सांगितलं की बाईंनी रिक्षा मागितली होती आणि मी दिली नाही.

चौकशी वर्षभर रेंगाळली. त्या रविवारी कंपनी चालू होती, हे अखेर सिद्ध झालं. विश्रामला भरपाई मिळाली, नोकरी मिळाली नाही. शेठला दंड झाला. पुढच्या वर्षीच्या व्याख्यानमालेतही अध्यक्ष तेच होते. वाचनालयाच्या समितीतून शीलाचं नाव गाळलं गेलं. शाळेत मुख्याध्यापकांनी बोलावून सौम्य शब्दांत समज दिली. नवरा कितीतरी दिवस घुश्शात होता. शीलाचा राग मात्र उतरला नाही. तो उतरावा असं तिला वाटतही नव्हतं.

निकाल लागला त्या आठवड्यात ती घागांच्या चाळीत गेली. मंजुळा चहा करत होती. विश्राम दारात बसला होता. निकाल लागूनही तोंडावर आनंद नव्हता, म्हणून शीलानं विचारलं. त्यानं भाजलेला हात मांडीवर ओढून घेतला.

“खरं सांगू का, बाई? मी परत आत गेलो, ते चुकलं असं मला रोज वाटतं. त्या पोरांपैकी एकही फिरकला नाही. माझी पोर शाळा सोडून काम धरायचं म्हणते.”

रतनची शाळा सुटू देणार नाही, एवढं शीला म्हणाली. मग न राहवून तिनं विचारलं, पुन्हा तसंच झालं तर?

चहा घेऊन आलेली मंजुळाच बोलली.

“तर हा पुन्हा जाईल. मला ठाऊक आहे ना.” तिनं कप शीलापुढे जरा जोरातच ठेवला, बशीत चहा सांडला. “आणि बाकीचे पुन्हा टीव्ही बघत बसतील.”