जावळ होईपर्यंत

"बाई, बल्ब फक्त साठचा आहे," कोकिळा म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिच्या लक्षात आलं, की हे बोलायला नको होतं.

रेक्टर देवस्थळी बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "साठचा असो की शंभरचा. वीज बचत मोहिमेच्या विद्यार्थी-चिटणीस तुम्ही. फळ्यावर सुविचार लिहिता तुम्ही. आणि अख्ख्या वसतिगृहात रात्रभर उजेड असतो तो तुमच्याच खिडकीत! वॉचमन रोज सांगतो मला."

"आमच्या सासूबाई..."

"हे बघा, पुण्याला आमच्याकडे मुलं पहिल्या दिवसापासून अंधारात झोपतात. सवय लावावी लागते. शनिवारी बाहेरचे लोक तपासणीला येणार. तोवर दिवा बंद व्हायला हवा. नाहीतर सासूबाई आणि बाळ गावी जातील. तुम्ही राहू शकता."

तुम्ही राहू शकता! अंगावर पिणारं पाच महिन्यांचं बाळ तिकडे गावी, आणि आपण इथे धुळ्यात बालमानसशास्त्राच्या नोट्स काढायच्या. कोकिळाच्या ओठांवर काहीतरी तिखट आलं होतं. पण बी.एड.च्या वसतिगृहात लेकुरवाळीला खोली मिळाली होती तीच मुळी याच बाईंच्या शब्दावर. ती जायला उठली. आतल्या न्हाणीघरात बाईंचा गिझर सकाळपासून चालूच होता. त्याचा लाल डोळा दाराच्या फटीतून तिच्याकडे बघत होता.

खोलीत सासूबाई, झुंबरबाई, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होत्या. पाणी उन्हात ठेवून तापवलेलं. बाळाच्या अंगावरून निथळलेलं पाणी खालच्या परातीत, परातीतलं बादलीत, आणि बादलीतलं दारातल्या तुळशीला. पंख्याला त्या हात लावत नसत. रेडिओचा कान सुनेनं पिळला, तर तासाभरात त्या उलटा पिळत. आणि हीच बाई दिवेलागणीला बटण दाबून बल्बला हात जोडायची, ते उजाडेपर्यंत तो बंद करू द्यायची नाही. त्यांच्या घराण्यात जावळ होईपर्यंत बाळाच्या उशाचा दिवा मालवत नसत. जावळ आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावच्या देवीपुढे, मामाच्या मांडीवर. आखाजीला अजून तीन महिने होते.

"आत्याबाई, बाई रागावल्या. दिवा बंद करायला सांगतात."

"त्यासले पोरंसोरं शेतस का?"

"त्याचा काय संबंध? वीज वाचवायची आहे. कोळसा जळतो, तेव्हा वीज होते."

"आनि आमना गावमा तीन-तीन दिन लाईट ऱ्हास नही, तधय कोना कोयसा वाचस?" झुंबरबाईंनी बाळाच्या टाळूवर तेल थापलं. "आमी त बठ्ठा बटनं चालूच ठेवतस. लाईट उनी का समजी जास."

कोकिळानं कपाळावर हात मारून घेतला. खरंच होतं ते. नरडाण्याजवळच्या त्या गावात दिवसाढवळ्या सगळ्या घरांची बटणं चालू असायची. वीज आली की कळावं म्हणून. तिचा नवरा अभिमन नरडाण्याच्या कारखान्यात होता, चार जणांत एक खोली घेऊन राहायचा. गेल्या रविवारी तो आला, तेव्हा त्यानं एक तोड काढली होती : शून्याचा लाल बल्ब. तिनं तो अजून लावला नव्हता. अंधार पडल्यावर स्टुलावर चढून तिनं तो बसवला, खिडकीला चादर लावली आणि बटण दाबलं.

झुंबरबाईंनी वर पाहिलं. "हाऊ दिवा शे का एस्टीना मांगला लाईट?"

"दिवाच आहे. छोटा."

"पोऱ्यानं तोंड दिखस का तुले? माले त नही दिखत."

कोकिळा वाकून बघत राहिली. लाल धुरकट उजेडात बाळाचा चेहरा कुठे संपतो आणि दुपटं कुठे सुरू होतं, तेच कळेना. तिनंच तो बल्ब काढला आणि साठचा परत लावला. बाईंना सांगायची हिंमत नव्हती, पण खरी गोष्ट ही होती, की रात्री जाग आली की त्याच उजेडात ती बाळाचं पोट हलतंय का बघायची. आत्याबाईंच्या रीतीवर चिडायचं, आणि त्याच रीतीच्या आडोशाला आपली भीती लपवायची, असं चाललं होतं. सासू मागं ओढते, रेक्टर पुढं ढकलते, आणि मधे आपण! तिला दोघींचाही संताप आला. त्याहून जास्त स्वतःचा.

"तुले आठे ऱ्हावानं शे ना?" झुंबरबाईंनी विचारलं.

"परीक्षा दिली तरच नोकरी लागेल, आत्याबाई. नाहीतर हे वर्ष गेलं. पण बाळाला सोडून मी नाही राहणार. त्याला पाठवलं, तर मीही येईन."

झुंबरबाई बाळाचं कुरळं जावळ बोटांनी विंचरत बसल्या.

शनिवारी सभागृह भरलं होतं. तपासणीला आलेल्या लोकांपुढे कोकिळा वीज बचतीवर भाषणाला उभी राहिली. पाठ केलेलं सगळं नीट चाललं होतं. पंखे, नळाच्या मोटारी, वर्गातल्या ट्यूबलाइट. मग पहिल्या रांगेतल्या देवस्थळी बाईंकडे तिचं लक्ष गेलं आणि जीभ घसरली.

"आपल्या आपल्या घरची रीत आपल्याला गरज वाटते, आणि दुसऱ्याच्या घरची उधळपट्टी. कुणाला रात्रभर दिवा लागतो, कुणाला दिवसभर गरम पाणी. दिवा लांबून दिसतो, गरम पाणी दिसत नाही, एवढाच फरक."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. बाईंचा चेहरा उतरला होता, की त्या विचारात पडल्या होत्या, ते तिला कळेना. टाळ्या वाजल्या. झालं. आज संध्याकाळीच बोचकं बांधावं लागणार.

ती धावत खोलीवर आली. दाराला कुलूप. आत्याबाई नाहीत, बाळ नाही, दोरीवर दुपटी नाहीत. गेल्या! आपल्याला न सांगता बाळाला घेऊन एस्टी स्टँडवर गेल्या. तिनं चपलाही घातल्या नाहीत. तशीच फाटकाकडे पळाली.

फाटकाबाहेर निंबाखाली रस्त्यावरचा न्हावी वस्तरा पुसत होता. त्याच्यासमोर वॉचमन तोताराम मांडी घालून बसला होता. खांद्यावर नवा टॉवेल, कपाळाला कुंकू, हातात नारळ. त्याच्या मांडीवर बाळ. गुळगुळीत.

"आत्याबाई! हे काय केलंत?"

"तुनं भाषण व्हयनं का?"

"अहो, आखाजीला होतं ना! देवीपुढे... मामाच्या मांडीवर..."

"तोतारामले मामा कयं. मना माहेरकडनाच शे, शेजारला गावना."

"मी नहीच म्हनत व्हतू, ताई," तोताराम ओशाळून म्हणाला. रोज काठीनं खिडकी ठोकणारा हाच. "पन अक्का म्हने, तूच चहाडी करस, मंग तूच मामा व्हय. अक्कापुढे कोनं चालस?"

न्हावी हसला. कोकिळाला हसू येईना. बाळ झाल्यापासून झुंबरबाईंनी आखाजीचे मनसुबे रचले होते. कोणते भाऊबंद बोलवायचे, रुसलेल्या जावेला कोण आणायला जाईल, बाळाचं अंगडं कोणत्या रंगाचं.

"देवी काय म्हणेल?"

"तिले सांगं मी. आखाजीले पुरनपोयी देसू, केस नही. रागे भरशी त मनावर भर, पोऱ्यावर नको." झुंबरबाईंनी पदराखालून कणकेचा गोळा काढला. जावळ त्यात दडवलेलं होतं. "नदी कोठे शे? वाहतं पानी जोयजे."

पांझरेला जेमतेम पाणी होतं. पुलाखाली नुसती वाळू आणि शेवाळलेली डबकी. झुंबरबाई एका डबक्याशी थांबल्या, मान हलवून पुढे निघाल्या. नऊवारीचा घोळ एका हातात, गोळा दुसऱ्या हातात. कोकिळा बाळाचं उघडं डोकं पदरानं झाकून मागे चालत होती. अंगावर वारा येत होता. आत्याबाईंना म्हणावं, सोडा इथंच, कोण बघतंय, असं दोनदा तिच्या मनात आलं. ती म्हणाली नाही.

बऱ्याच वर गेल्यावर खडकामधून वीतभर रुंदीची धार सापडली. झुंबरबाई उकिडव्या बसल्या, गोळा पाण्यात सोडला. तो हातभर गेला आणि दगडाला अडला. त्यांनी बोटानं ढकलला. पुन्हा अडला. पुन्हा ढकलला. मग तो कलंडून खालच्या पाण्यात गेला, आणि त्या तिकडे बघत तशाच बसून राहिल्या.

"आते दिवा मालवता ई," त्या म्हणाल्या. उठताना त्यांनी कोकिळाचा दंड धरला. "पन बटन तू दाब. मना हाते व्हवाव नही."