सुषमाच्या नावाचा परजीवी

नव्या किड्याचं नाव कोण ठरवतं, असं भागूबाईंनी विचारलं तेव्हा हुमेरा सरड्याचं पोट उघडत होती.

"ज्याला सापडतो तो," ती म्हणाली.

"मग माज्या सुषमीचं दे."

हुमेराने मान वर केली. लोहगडवाडीत भागूबाईंची चहा-भज्यांची टपरी होती आणि तिच्या मागच्या पडवीत हुमेराचं संशोधनाचं काम चालायचं. तिच्या तान्ह्या मुलाला, अनसला, पायांवर उताणं घेऊन भागूबाई तेल लावत होत्या. सुषमा ही त्यांची एकुलती लेक. पहिल्या बाळंतपणात, पवनानगरच्या रस्त्यावर, जीपमध्येच गेली. बाळही गेलं.

"मावशी, हा रक्तातला किडा आहे. हिवतापाच्या किड्याचा भाऊबंद. त्याला लेकीचं नाव देणार?"

"किडा तर किडा. छापील तर ऱ्हाईल न्हवं? तिचं माज्यापाशी काय बी न्हाई. लग्नाचे फोटू सासरच्यांनी दुसरी आनली तवा फाडले."

हुमेरा हो म्हणाली. तेव्हा तिला किडा नवा असल्याची खात्रीच होती.

तुंगार्लीच्या भाड्याच्या घरातून ती उघडीप बघून स्कूटीवर यायची, अनस पोटाशी बांधलेला. गडाच्या पायथ्याच्या दगडी गडग्यांवर ऊन खात बसलेले सरडे काठीच्या फासाने धरायचे, रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरायचा, वाळला की रंग द्यायचा. सरड्याच्या तांबड्या पेशीत असा परजीवी पूर्वीही नोंदलेला होता, पण तो लांबट, पेशीच्या केंद्रकाला बिलगून झोपल्यासारखा. हुमेराला दिसत होता तो वाटोळा. प्रत्येक सरड्यात वाटोळा. एकपेशी जिवांच्या वर्गीकरणात आकार म्हणजे ओळख. नवी जात मांडायची तर यकृतातही त्याचा माग काढायला हवा होता आणि ज्याच्या अंगात तो सापडला तो प्राणीही स्पिरिटमध्ये जपायला हवा होता. वनखात्याची परवानगी होती. सरडे मरत गेले. संध्याकाळी अनसला पाजायला घेण्याआधी ती कोपरापर्यंत हात धुवायची, तरी त्याच्या टाळूला नाक लावलं की स्पिरिटचाच वास यायचा.

वाडीत सगळ्यांना कळलं होतं. शेजारच्या टपरीवरचा बहिरू एकदा म्हणाला, "भागूमावशे, सुषमीला सरड्यात घातलीस म्हनं."

"घातली तर घातली. तुजं नाव गोचिडाला बी कोन देनार न्हाई."

त्यावर भागूबाई स्वतःच हसल्या. हुमेराने त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

श्रावणातल्या एका दुपारी तिने एकाच सरड्याच्या दोन काचपट्ट्या केल्या, तेवढ्यात अनस रडायला लागला. ती त्याला घेऊन आत गेली. एक पट्टी नेहमीसारखी फळीवर राहिली. दुसरी भागूबाईंनी उचलली. पावसाळ्यात धुक्याने काही वाळत नाही, म्हणून त्या शेगडीवर बांबूची टोपली पालथी घालून अनसचे लंगोट शेकत असत. तिथेच लंगोटांच्या बाजूला त्यांनी ती काच ठेवली. तेवढंच पोरीचं काम हलकं.

निघताना हुमेराने एक पट्टी फळीवरून, दुसरी टोपलीवरून उचलली आणि घरी जाऊन दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. फळीवरच्या पट्टीत परजीवी वाटोळे होते. टोपलीवरच्या पट्टीत लांबट, केंद्रकाला बिलगून.

रक्त एकाच सरड्याचं होतं. टोपलीवर ते क्षणात वाळलं होतं. फळीवर, त्या ओल्या हवेत, ते सावकाश वाळत राहिलं आणि परजीवी मरता मरता अंग आखडून वाटोळे झाले. रक्त झटपट वाळवावं हे तिला पाठ होतं. पण लोहगडवाडीत पावसाळ्यात झटपट म्हणजे किती, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं आणि तिला ते सुचलं नव्हतं. तिने आणखी सरडे धरले, नुसता शेपटीचा थेंब घेऊन सोडून दिले. प्रत्येक वेळी तेच झालं.

तिने पुण्याला आपल्या मार्गदर्शक सरांना फोन केला. "एका पट्टीवरून घाबरू नका," ते म्हणाले. "ती बाजूला ठेवा, नव्या जातीचा लेख छापायला जाऊ द्या."

"एक नाही सर, सगळ्याच. नवी जात नाहीये ही."

सर म्हणाले, "फेलोशिपचं काय ते मग तुम्हीच बघा."

भागूबाईंना सांगायला मात्र फोन चालणार नव्हता. ती स्वतः वाडीत गेली. त्यांनी टोपलीवर वाळवलेल्या काचेबद्दल काहीच बोलायचं नाही, हे तिने वाटेतच ठरवलं होतं.

"मावशी, माझी चूक झाली. हवा ओली होती, त्यामुळे मला तो वेगळा दिसला. जुनाच आहे तो."

"म्हंजे सुषमी न्हाई?"

"त्याला नाव आहे आधीच. फार पूर्वी कुणीतरी दिलेलं."

"ते खोडून हे घालता येत न्हाई?"

"नाही. आधीचंच राहतं."

भागूबाई अनसच्या पोटावरून हात फिरवत राहिल्या. तो त्यांच्या बोटाशी खेळत होता.

"मंग दुसरा बघ," त्या म्हणाल्या. "येवढ्या डोंगरात येखादा तरी बिननावाचा आसंल."

"मी आता सरडे मारणार नाही, मावशी. उगाच मेले ते सगळे."

"तू नको मारू. मी मारते. तू नुसतं काचंत बघ."

त्यांनी अनसला तिच्या मांडीवर दिलं, कोपऱ्यातली फासाची काठी घेतली आणि बाहेर गेल्या. ऊन पडलं होतं. हुमेराने हाक मारली, त्यांनी वळून पाहिलं नाही. गडग्यापाशी त्या वाकून उभ्या राहिल्या, चोरासारख्या, काठी पुढे करून.

परत आल्या तेव्हा त्यांच्या मुठीत सरड्याची मादी होती. अंड्यांनी पोट तट्ट फुगलेलं, कातडीखालून एकेक अंडं दिसत होतं. तोंड उघडं.

"हिच्यात बघ," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "हिच्यात आसंल."

हुमेराने एका हाताने अनसला आवळून धरलं आणि दुसरा हात पुढे केला.

"द्या, मावशी. सोडू तिला."

भागूबाईंनी मूठ उघडली नाही.