खरखरीत

पाळण्यांच्या कारखान्यात वहिनीचं काम एकच. तयार पाळण्यावरून बोटं फिरवायची आणि एक शब्द बोलायचा. ‘खरखरीत’ म्हणाली की पाळणा पुन्हा घासायला. गप्प राहिली की रंगाला. वीस वर्षं झाली. यंत्रं आली, पण बाळाच्या अंगात घुसणारी लाकडाची बारीक कूस वहिनीच्याच बोटांना सापडायची. मालक चारचौघांत तिचं कौतुक करायचा. कौतुकाला काय, जीभ हलवली की झालं.

चार महिन्यांपूर्वी बोटं बधिर झाली. साखरेने, असं डॉक्टर म्हणाला. तिने घरीदारी अवाक्षर काढलं नाही. बोटं गेली की काम गेलं, हे सांगायला ज्योतिषी कशाला? पण खराब पाळणा आपल्या हातून पुढे गेला तर, ही धास्ती होती. मग ती प्रत्येक पाळण्याला दोन-तीनदा ‘खरखरीत’ म्हणू लागली.

घासायला होता तिचा दीर. सगळे त्याला घाश्याच म्हणत. त्याचे खांदे पार कामातून गेले. वहिनीला आता माझ्या टकलावरही कूस सापडेल, असं तो सगळ्यांना सांगत सुटला.

आज त्याने तिच्यापुढे फडक्याने झाकलेलं काहीतरी ठेवलं आणि आत हात घालायला सांगितलं. तिने बोटं फिरवली.

“खरखरीत.”

घाश्याने फडकं ओढलं. खाली आरसा होता. त्यात तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

तेवढ्यात मालक आला. रंगाला न्यायची गाडी दारात उभी, शेवटचा पाळणा लगेच हवा. वहिनीने घाश्याकडे पाहिलं. ती वाकली आणि पाळण्याच्या दांड्यांवरून गाल फिरवू लागली. पाळण्यात झोपायचं वय आहे का, म्हणून मालक हसला.

“खालची दांडी. खरखरीत.”

मालकाने घाश्याला बघायला सांगितलं. त्याने बोट फिरवलं आणि झटकन मागे घेतलं. कूस खोल गेली होती. एका वाक्यात तो वहिनीला घरी बसवू शकला असता.

“आहे,” तो म्हणाला. “घासतो.”

मालक कुरकुरत गेला. घाश्या बोट चोखत म्हणाला, “उद्या विचारील, गाल का लावतेस. काय सांगशील?”

“बाळ पाळण्याला बोटं लावून बघत नाही म्हणावं. गालच लावतं.”

बोलली ठसक्यात आणि ओरखडलेला गाल पदराने टिपला. घाश्याने काचपेपर फाडला आणि दांडी घासायला बसला.